वरकमाई... पण पांढरी!

'वरकमाई' हा शब्द आपल्याकडे उगाच बदनाम झालेला आहे. कुणाच्या दारात पगाराच्या मानाने जरा मोठी गाडी उभी राहिली की शेजारीपाजारी सूचक हसतात आणि म्हणतात, "वरकमाई असणार!" म्हणजे टेबलाखालची. पण आपल्या पिढीची एक वेगळीच वरकमाई आहे आणि ती पूर्णपणे टेबलावरची आहे. नोकरी सांभाळून रात्री कुणाची तरी वेबसाइट करून देणं, शनिवार-रविवारी कोडिंगच्या शिकवण्या घेणं, एखाद्या वर्कशॉपला कॅडमध्ये ड्रॉइंग्ज काढून देणं. जागरणं करून मिळवलेले प्रामाणिक पैसे! फक्त एक अडचण आहे. कष्ट कितीही प्रामाणिक असले तरी ते पैसे हिशोबात दाखवले नाहीत, तर सरकारच्या लेखी ते काळेच.

मी टी.ई.ची विद्यार्थिनी. कॉमर्सशी माझा संबंध शून्य. शाळा कॉन्व्हेंटची, त्यामुळे 'वजावट' ही 'सजावटी'ची धाकटी बहीण असावी असं मला बरेच दिवस वाटायचं. पण माझा आतेभाऊ (आमच्या घरात सगळ्यांचाच 'दादा') पुण्यात नोकरी करतो, वर छोटीमोठी कामंही घेतो आणि त्याच्या कागदपत्रांची फाईल सुट्टीत माझ्या हातात येते. शिवाय बाबांचे एक सीए मित्र आहेत. त्यांना मी एवढे प्रश्न विचारले की शेवटी ते म्हणाले, "अगं, आता तूच एक लेख लिही!" म्हणून हा प्रपंच.

पुढच्या वर्षी प्लेसमेंट सुरू होतील. आपल्यापैकी बरेच जण नोकरीला लागतील आणि बरेच जण वरची कामंही चालू ठेवतील. आठ सेमिस्टरमध्ये आपण इंटिग्रेशनपासून मायक्रोप्रोसेसरपर्यंत सगळं शिकतो, पण स्वतःच्या कमाईवरचा कर कसा काढायचा हे कुणी शिकवत नाही. ते आपलं आपणच शिकायचं. चला तर मग!

(एक खुलासा आधीच करते. खालचे सगळे आकडे आर्थिक वर्ष २०२५-२६ चे, म्हणजे एप्रिल २०२५ ते मार्च २०२६ मधल्या कमाईचे आणि नव्या कररचनेचे आहेत. या वर्षाला १९६१ चा आयकर कायदा लागू आहे. १ एप्रिल २०२६ पासूनच्या कमाईसाठी त्याच्या जागी आयकर कायदा, २०२५ आला. त्यात कलमांचे नंबर बदलले, पण इथे सांगितलेलं मूळ तत्त्व बदललेलं नाही.)

सुपरपोझिशन इथे चालत नाही

एफ.ई.ला आपण सुपरपोझिशन थिअरम शिकलो. सर्किटमध्ये दोन सोर्स असतील तर एकेक सोर्स वेगळा घ्या, त्याचं उत्तर काढा आणि शेवटी बेरीज करा. बहुतेक जण नोकरी आणि वरकमाईच्या बाबतीत हेच करतात. 'पगारावरचा कर कंपनीने कापला. बाहेरच्या कामावरचा त्या क्लायंटने कापला. झालं, दोन्हीकडे भरला!'

पण सुपरपोझिशन फक्त लिनिअर सर्किटला लागतं आणि आयकर अजिबात लिनिअर नाही. कर पगारावर नसतो, माणसावर असतो. कायद्यात उत्पन्नाचे पाच कप्पे आहेत: पगार, घरभाडं, धंदा-व्यवसाय, भांडवली नफा आणि इतर. पण शेवटी ते सगळे एकाच पातेल्यात ओततात आणि त्या पातेल्यातल्या एकूण रकमेवर टप्प्याटप्प्याने कर लागतो. पहिल्या ४ लाखांवर काही नाही. ४ ते ८ लाखांवर ५ टक्के, ८ ते १२ वर १०, १२ ते १६ वर १५, १६ ते २० वर २०, २० ते २४ वर २५ आणि त्यापुढे ३० टक्के. आलेल्या करावर आणखी ४ टक्के सेस.

यात एक मोठी सवलत आहे. एकूण करपात्र उत्पन्न १२ लाखांपर्यंत असेल तर रिबेट मिळून कर शून्य होतो. पगारदारांना त्याआधी ७५,००० रुपयांची सरसकट वजावटही मिळते. ही १२ लाखांची रेघ लक्षात ठेवा. आपली पुढची सगळी गोष्ट या रेघेच्या अलीकडची आणि पलीकडची आहे.

आता गंमत बघा. कंपनीला फक्त आपण दिलेला पगार माहीत असतो, क्लायंटला फक्त त्याने दिलेले पैसे. पातेल्यात एकूण किती आहे हे माहीत असलेला माणूस एकच. तो म्हणजे तुम्ही स्वतः!

टीडीएस म्हणजे कर नव्हे

एखादी कंपनी तुम्हाला व्यावसायिक कामाचे पैसे देते आणि वर्षभरातली रक्कम ५०,००० च्या वर जाते, तेव्हा ती साधारण १० टक्के कापून सरकारकडे भरते. (३१ मार्च २०२५ पर्यंत ही मर्यादा ३०,००० होती.) हाच टीडीएस. तो तुमच्या पॅनवर जमा होतो. पॅन दिलाच नाही तर कपात थेट २० टक्के!

दादाचा हिशोब सांगते. त्याचा पगार वर्षाला ७,००,०००. एका कंपनीचं वेबसाइटचं काम केलं, त्याचं बिल १,२०,०००. त्यांनी १२,००० कापून १,०८,००० बँकेत टाकले. दादाचं म्हणणं, "कापले ते गेले. कर भरला, विषय संपला." मी म्हटलं, "अरे दादा, थांब जरा." आणि आम्ही कागद-पेन घेऊन बसलो.

पगारातून ७५,००० वजा केले, उरले ६,२५,०००. वेबसाइटच्या कामाचे करपात्र ६०,००० (निम्मेच का, ते पुढे येतंय). एकूण ६,८५,०००. रेघेच्या बरंच अलीकडे, म्हणजे कर शून्य. मग ते १२,००० कुणाचे? दादाचेच! रिटर्न भरून त्यात मागितले की ते परत मिळतात. न मागता मात्र कुणी घरी आणून देत नाही.

हीच गोष्ट आत्ता शिकता शिकता कामं करणाऱ्यांनाही लागू आहे. समजा तुम्हाला वर्षभरात एका कंपनीकडून ८०,००० मिळाले, ८,००० कापले गेले आणि दुसरं काही उत्पन्न नाही. उत्पन्न ४ लाखांच्या आत असल्याने रिटर्न भरण्याची सक्ती नाही, पण भरला तर ते ८,००० परत मिळतील. मेसचे तीन महिने सुटले! (वर्षाचा टीडीएस २५,००० किंवा जास्त असेल तर मात्र रिटर्न भरावाच लागतो.)

एक बारीक गोष्ट. दादाचं उत्पन्न १,०८,००० नाही, १,२०,००० आहे. बँकेत आलेला आकडा नव्हे, बिलाचा पूर्ण आकडा धरायचा.

आणि याच्या उलटही खरं आहे. टीडीएस कापला नाही म्हणजे कर नाही, असंही नाही. कोपऱ्यावरच्या दुकानदाराला तुम्ही बिलिंगचं सॉफ्टवेअर करून दिलंत, तर तो बहुधा काहीच कापणार नाही. ते पैसे तरीही पातेल्यात जातात. रोख असो, यूपीआय असो, परदेशातून आलेले डॉलर असोत, भारतात राहणाऱ्याला सगळे सारखेच.

रेघ ओलांडली की

आता दादाच्या रूममेटची गोष्ट. त्याचा पगार १२,५०,०००. (हे पॅकेज नव्हे बरं का! पॅकेजमध्ये कंपनीचा पीएफ वगैरे बरंच काही मिसळलेलं असतं. मी पगाराचा करपात्र आकडा धरलाय.) ७५,००० वजा जाता ११,७५,०००. रेघेच्या आत, त्यामुळे कंपनीने वर्षभर एक रुपयाही कर कापला नाही. पठ्ठ्या खूष!

त्याने रात्री जागून १,८०,००० ची कामं केली आणि ते सगळे पैसे गावाकडे धाकट्या बहिणीच्या कॉलेजच्या फीसाठी पाठवले. १८,००० टीडीएस कापला गेला होता, त्यामुळे त्याच्या दृष्टीने हिशोब चुकता होता. दादाचा कागद बघून त्यानेही आपले आकडे मांडले.

पगाराचे ११,७५,००० आणि कामाचे निम्मे ९०,०००, एकूण १२,६५,०००. रेघ ओलांडली! आता रिबेट नाही. टप्प्यांप्रमाणे कर येतो २०,००० + ४०,००० + ९,७५० = ६९,७५०. इथे कायदा थोडी दया दाखवतो. कर हा १२ लाखांच्या वरच्या रकमेपेक्षा जास्त असू शकत नाही, म्हणून तो ६५,००० वर थांबतो. त्यावर ४ टक्के सेस २,६००. एकूण ६७,६००. टीडीएसचे १८,००० वजा केले तरी भरायचे राहिले ४९,६००.

तो बराच वेळ काही बोललाच नाही. मग म्हणाला, "पण पैसे तर फीला गेले."

यात कुणी त्याला फसवलं नाही. त्याने काही लपवलंही नव्हतं. त्याने फक्त दोन सोर्स वेगवेगळे सोडवले. त्याच्या कमाईतल्या पहिल्या ५०,००० वर (म्हणजे करपात्र २५,००० वर) शून्य कर बसला असता, कारण तिथपर्यंत बेरीज बरोबर १२ लाख होते. पुढच्या १,३०,००० नी मात्र ६७,६०० चा कर ओढून आणला. रेघेच्या लगेच पलीकडे एक पट्टा असा आहे, की तिथे करपात्र उत्पन्नाचा प्रत्येक वाढीव रुपया जवळजवळ पूर्णच करात जातो. हा पट्टा साधारण १२ लाख ७० हजारांपर्यंत आहे. त्याच्या पुढे नेहमीचे १५ टक्के. तुमचा पगार या रेघेच्या आसपास असेल तर वरचं काम घेण्याआधी एकदा बेरीज करून बघा. काम घेऊच नका असं मी म्हणत नाही. किती हातात राहणार हे माहीत असू दे, एवढंच.

निम्मे पैसे कुठे गेले?

दोन्ही हिशोबांत मी कामाची निम्मीच रक्कम धरली. ती १९६१ च्या कायद्याच्या कलम ४४ एडीएची कृपा. डॉक्टर, वकील, आर्किटेक्ट, सीए, इंजिनिअर, तांत्रिक सल्लागार, माहिती तंत्रज्ञानाचं काम करणारे, अशा ठरावीक व्यावसायिकांची वर्षाची जमा ५० लाखांच्या आत असेल, तर त्यातली निम्मी रक्कम नफा समजून दाखवता येते. लॅपटॉप, इंटरनेट, वीज यांच्या पावत्या जपत बसायला नको. मात्र ५० टक्क्यांपेक्षा कमी नफा दाखवायचा असेल तर हिशोबाच्या वह्या आणि ऑडिट मागे लागतं. आणि नफा खरोखर जास्त असेल तर जास्त दाखवण्याची मुभा आहेच!

पण ही सोय सरसकट सगळ्यांना नाही. शिकवण्या त्या यादीत नाहीत. तिथे खरा झालेला खर्च (जागेचं भाडं, पुस्तकं, झेरॉक्स) पावत्यांनिशी वजा करायचा. तुमचं काम कुठल्या प्रकारात बसतं हे पहिल्या वर्षी एखाद्या सीएला विचारून घ्या. त्याची फी वाचवण्याच्या नादात भलतं महागात पडायला नको.

मार्चची सबमिशन

आपल्याकडे सबमिशन म्हणजे शेवटच्या रात्री. आयकर खात्याला ही पद्धत मान्य नाही. टीडीएस वजा जाऊन वर्षाचा कर १०,००० किंवा जास्त निघत असेल, तर तो वर्ष संपायच्या आतच भरावा लागतो. याला अग्रिम कर म्हणतात. नेहमीचे हप्ते चार: १५ जूनपर्यंत १५ टक्के, १५ सप्टेंबरपर्यंत एकूण ४५, १५ डिसेंबरपर्यंत ७५ आणि १५ मार्चपर्यंत पूर्ण. ४४ एडीएची निम्म्याची सोय घेणाऱ्यांना एकच तारीख, १५ मार्च.

रूममेटचे ४९,६०० त्याने १५ मार्चला न भरता थेट जुलैमध्ये रिटर्नसोबत भरले, तर व्याज किती? मार्चच्या चुकलेल्या हप्त्याचे १ टक्का म्हणजे ४९६, आणि एप्रिल ते जुलै दरमहा १ टक्का म्हणजे १,९८४. मिळून २,४८०. आकाश कोसळत नाही, पण फुकट घालवण्याइतके थोडेही नाहीत.

दुसरा एक सोपा मार्ग आहे. आपलं बाहेरचं उत्पन्न नोकरीच्या ठिकाणी कळवता येतं. मग कंपनी पगारातूनच दरमहा थोडा थोडा जास्त कर कापते आणि मार्चमध्ये धक्का बसत नाही. पण हे करायचं तर कंपनीला तुमच्या बाहेरच्या कामाची माहिती हवी आणि त्यावर हरकत नको. तिथे वेगळाच प्रश्न सुरू होतो.

कंपनी काय म्हणेल?

आयकर खातं 'हे काम करायला कुणाची परवानगी घेतलीत?' असं विचारत नाही. त्याला फक्त हिशोब हवा. परवानगीचा प्रश्न तुमच्या आणि कंपनीच्या मधला. २०२२ साली विप्रोने दुसरीकडेही काम करणाऱ्या ३०० जणांना काढून टाकलं, ते आठवत असेल. त्याच वर्षी इन्फोसिसने मात्र पूर्वपरवानगी घेऊन बाहेरची छोटी कामं करायला मुभा दिली. म्हणजे प्रत्येक कंपनीचं धोरण निराळं. ऑफर लेटर हातात आलं की आनंदाच्या भरात शेवटच्या पानावर सही करण्याआधी मधली पानंही वाचा.

काही जणांना वाटतं, कर भरला तर कंपनीला कळेल, म्हणून दाखवायचंच नाही. हे दोन्ही बाजूंनी चुकीचं आहे. तुमचा रिटर्न कंपनीला दिसत नाही. आणि न दाखवलेलं उत्पन्न खात्याला आपोआप दिसतं! क्लायंटने टीडीएस भरला की त्याची नोंद तुमच्या फॉर्म २६एएस मध्ये आणि वार्षिक माहिती पत्रकात, म्हणजे एआयएसमध्ये येते. खात्याकडे उत्तरपत्रिका आधीच आहे. आपण फक्त पेपर लिहायचाय.

कुठला फॉर्म, काय तयारी?

नुसता पगार असणाऱ्यांचा 'सहज' हा फॉर्म १ वरकमाईवाल्यांना चालत नाही. निम्म्याची सोय घेतलीत तर 'सुगम', म्हणजे फॉर्म ४. खरा खर्च वजा करणार असाल किंवा शेअर बाजारात फ्युचर्स-ऑप्शन्स खेळत असाल, तर फॉर्म ३. वर्षात नोकरी बदलली असेल तर दोन्ही कंपन्यांचे फॉर्म १६ जोडून एकच बेरीज करा, कारण दोघींनीही आपापल्यापुरताच विचार करून कर कापलेला असतो.

आणखी एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. नुसता पगार असेल तर जुनी की नवी कररचना, हे दरवर्षी बदलता येतं. धंदा-व्यवसायाचं उत्पन्न आलं की ही उडी मारता येत नाही. एकदा जुनी रचना निवडून पुन्हा नवीत आलात, तर परत जुनीत जायचा रस्ता बंद होतो. म्हणून विचार करून निवडा.

जीएसटीची भीती सध्या तरी बाजूला ठेवा. महाराष्ट्रात सेवांसाठी नोंदणीची मर्यादा वर्षाला २० लाख आहे आणि नोकरीचा पगार त्यात धरत नाहीत.

तारखेच्या बाबतीत मात्र ऐकीव माहितीवर जाऊ नका. २०२५ साली ३१ जुलैची मुदत वाढून आधी १५ आणि मग १६ सप्टेंबर झाली. दरवर्षी असं होईलच असं नाही. आयकर खात्याच्या संकेतस्थळावर त्या वर्षाची तारीख स्वतः बघा.

बाकी पहिल्या कामापासून लावायच्या सवयी अगदी साध्या आहेत. वरच्या कामासाठी बँकेत वेगळं खातं. प्रत्येक कामाचं बिल, त्यावर तारीख आणि पॅन. एक्सेलमध्ये चार रकाने: कुणाचं काम, किती बिल, किती कापले, किती आले. दर तीन महिन्यांनी २६एएस उघडून 'कापले' म्हणणाऱ्याने खरंच भरले का ते बघायचं, आणि नसतील तर फॉर्म १६ए मागून पिच्छा पुरवायचा. क्लायंट विसरला तर तुमचे पैसे हवेत लटकतात.

आणि सगळ्यात महत्त्वाची सवय. पैसे खात्यात आले की ते खर्च करण्याआधी बेरीज करायची आणि कराचा वाटा बाजूला काढायचा. त्या रूममेटने शेवटी दादाकडून उसने घेऊन १५ मार्चच्या आत कर भरला. बहिणीची फीही भरली गेली, त्यामुळे तो म्हणतो, "जागरण वाया गेलं नाही." पण यंदा त्याने नव्या कामाचं बिल पाठवण्याआधी पातेल्यात किती आहे ते मोजलं आणि मगच दर सांगितला. दर वाढवला, हे वेगळं सांगायला नकोच!